बास्कॉडा

"आई, फक्त वर्ड सांग. तुझा स्टोरी नको," नकुल त्याच्या मोडक्या मराठीत कुजबुजला.

देविका भिजवलेल्या विलो झाडाच्या लवचीक छड्या निवडत राहिली. हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाल्यावर तिने इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या लायब्ररीत लॅटिनचा वर्ग लावला होता. आज शेवटचा शनिवार. प्रत्येकाने एका शब्दावर पाच मिनिटं बोलायचं होतं, घरच्यांसमोर. नकुलने वरदाच्या आईला, होणाऱ्या सासूबाई इरावतीताईंनाही बोलावलं होतं. आईचा शब्द कोणता, हे त्याला कळलं तेव्हा उशीर झाला होता. इरावतीताई ब्रॅकनेलहून येऊन पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

पाळी आली तशी देविका खुर्ची सोडून जमिनीवर बसली. आडव्याउभ्या मांडलेल्या छड्या तिने पायाने दाबून धरल्या आणि विणायला सुरुवात केली.

"बास्कॉडा. म्हणजे विणलेली टोपली," ती इंग्रजीत सांगू लागली. "रोमन लोकांनी हा शब्द इथल्या ब्रिटन लोकांकडून घेतला. त्यांना रानटी म्हणायचे, पण टोपली हवी होती."

लोक हसले. नकुल खाली बघत होता.

"माझे वडील कराडच्या बाजारात सुपं आणि रोवळ्या विकायचे. बांबूच्या. आम्ही जातीने बुरूड. लग्नघरात आमचं सूप आत जायचं, आम्ही दाराबाहेर उभे राहायचो. इथे आल्यावर माझ्या नवऱ्याने सगळ्यांना आम्ही शेतकरी असं सांगितलं. मीही तेच सांगत आले. आज नवरा हयात नाही. मी यापुढे खोटं सांगणार नाही."

वर्ग संपल्यावर इरावतीताई जवळ आल्या. चहाचा कप तसाच भरलेला होता.

"देविकाताई, हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो. तीस वर्षं आधी."

"वरदाच्या बाबांच्या कानावर घालावं लागेल."

"घाला. ते चुकीचं सांगू नका म्हणजे झालं. हवं तर मीच येऊन सांगते."

इरावतीताई कप ठेवून निघून गेल्या.

गाडीत बसल्यावर नकुलने सीटबेल्ट लावला. मग म्हणाला, "तुझ्या बाबांचा, आबाचा नाव काय होता? खरा नाव?"

"दगडू. दगडू रामा बुरूड."

"डगडू."

"द. दगडू."

त्याने किल्लीला हात घातला. देविकाने तो धरला आणि नाव नीट येईपर्यंत गाडी सुरू करू दिली नाही.