बाणांचं टेबल

मी एक जुनं, लांबलचक टेबल आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नदीकाठच्या एका गावात, पोलाद कामगारांच्या संघटनेच्या हॉलमध्ये माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काळजीचा आहे. कुणी नुसतं कोपर टेकलं तरी मला वाटतं, आता मोडतोय. तेवढं सांभाळून घ्या.

जन्मानं मी टेबल नव्हतो. गावात बोलिंग खेळायची एक जागा होती, तिथली मी मेपलच्या पट्ट्यांची गुळगुळीत वाट होतो. कारखान्यातली पाळी सुटली की कामगार यायचे आणि टोकाला उभ्या केलेल्या खुंट्या पाडायला माझ्यावरून जड गोळे गडगडत सोडायचे. नेम धरता यावा म्हणून माझ्या अंगात गडद लाकडाचे सात बाण बसवले होते. ते अजून आहेत, हात फिरवलात तर बोटांना कळतील.

ती जागा बंद पडली त्या वर्षी कारखान्यात संप चालू होता. सगळ्यांचे हात रिकामे. रूडी हॉर्वाट आणि गस फेरांते हे भट्टीवरचे दोन तरुण मित्र. त्यांनी मला उखडून हॉलमध्ये आणलं. गसनं लोखंडी पाइपाचे पाय बसवले, रूडीनं घासूनपुसून पॉलिश केलं. मी इतका जड झालो की एकट्याला हलेना. मग ठरूनच गेलं, बाणांच्या टोकाला रूडी आणि दुसऱ्या टोकाला गस. रूडी नुसतं "हं" म्हणायचा आणि दोघं मला एकदम उचलायचे. ओढलेलं मला सोसत नाही. पायांचे बोल्ट सुटतात.

संपात माझ्यावर सूपचे टोप असायचे. निवडणुकीत पत्रकांचे गठ्ठे असायचे. आणि लग्नात माझ्यावर कुकी, म्हणजे घरी भाजलेली गोड बिस्किटं, मांडल्या जायच्या. आमच्याकडे लग्नाच्या केककडे फारसं कुणी बघत नाही. सगळे बघतात कुकींचं टेबल. मावश्या, आत्या, शेजारणी आठवडाभर भाजत बसतात आणि कुणी काय आणलं, यावर पुढं वर्षभर बोलणं होतं. दुकानातली कुकी ठेवणं म्हणजे भर लग्नात नाक कापून घेणं. गसची बायको लोर्ना अक्रोडाचे रोल करायची. त्यांची जागा बाणांवर ठरलेली होती.

तेव्हा इथं मत कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. सगळा हॉल डेमोक्रॅटिक पक्षाचा. त्या पक्षाची खूण गाढव. मित्रांनो, हसू नका, ती शिवी नाही, खूणच आहे. समोरच्या रिपब्लिकन पक्षाची खूण हत्ती. हत्तीवाला गावात एकच, दातांचा डॉक्टर, आणि लोक म्हणायचे, "म्हणूनच मेला दाढ काढताना एवढा जोर लावतो." रूडी घरोघरी पत्रकं वाटायचा, गस म्हाताऱ्यांना आपल्या गाडीतून मतदानाला न्यायचा.

मग कारखाना बंद झाला. भट्ट्या विझल्या, तरुण माणसं गाव सोडून गेली. दर निवडणुकीला कुणीतरी यायचं, माझ्यावर हात आपटून म्हणायचं, काम परत आणतो. आधी गाढववाले आले, नंतर हत्तीवालेही येऊ लागले. मी मोजदाद नाही ठेवली. एवढंच आठवतंय की प्रत्येक वेळी टाळ्या आधीपेक्षा कमी पडायच्या. गस पलीकडच्या गावात सुट्या भागांच्या कारखान्यात लागला. काही वर्षांनी तोही बंद पडला.

एका शरद ऋतूत, निवडणुकीआधी, गसनं आपल्या अंगणात हत्तीवाल्यांची पाटी लावली. संध्याकाळी तो हॉलमध्ये आला, तेव्हा रूडी मागच्या खोलीत माझ्यापाशी पत्रकं लावत बसला होता.

"तुझ्या बापाला कळलं तर थडग्यातून उठून येईल," रूडी म्हणाला.

"येऊ दे की. आल्यावर त्याला कारखाना दिसला, तर मलाही सांग."

"अरे, ते श्रीमंतांचे लोक. तुझे खिसे कापतील."

"आणि तुझे लोक? हात हलवून हसत गेले ना? गाढवाच्या मागं चालून चालून तुला पुढचं दिसेनासं झालंय, रूडी."

रूडीनं हातातला गठ्ठा माझ्यावर आपटला. मग तो म्हणाला, "तू विकला गेलास."

 हॉलची एक किल्ली गसकडे असायची. ती त्यानं माझ्यावर ठेवली आणि गेला. तेव्हापासून मी त्या मागच्या खोलीतच भिंतीला टेकून उभा राहिलो. मला उचलायला दोघं उरलेच नव्हते. हॉलमध्ये माणसंही कमी यायची, आणि आली की आधी एकमेकांच्या गाडीवरचे पक्षाचे स्टिकर बघायची, मग कुठं बसायचं ते ठरवायची. धूळ बसत होती. हॉल विकणार म्हणून बोलणं कानावर यायचं.

अशात रूडीच्या मुलीचं, टेसाचं, लग्न ठरलं. टेसा लहान होती तेव्हाच तिची आई वारली. गस तिचा धर्मपिता, चर्चमध्ये नाव ठेवताना तिची जबाबदारी घेतलेला. लोर्नानं तिच्या वेण्या घातल्या, शाळेच्या नाटकाचे कपडे शिवले. टेसा आता कोलंबस शहरात नोकरी करते. गावातली आमंत्रणं तिनं बापावर सोपवली होती. फोनवर तिनं विचारलं, "गसकाकांना सांगितलंस ना?" रूडी माझ्याच खोलीतल्या, हॉलच्या फोनवरून बोलत होता, म्हणून मी ऐकलं. तो म्हणाला, "सांगितलंय, सांगितलंय."

त्यानं सांगितलं नव्हतं. रोज सांगू म्हणायचा आणि राहायचं.  मी दिवसरात्र एकाच चिंतेत होतो. पोरगी लग्नात दारात उभी राहील, काका-काकूंना शोधेल, तेव्हा काय?

लग्नाच्या सकाळी रूडी एकटाच आला. बगलेत दुकानातल्या कुकींचे खोके होते. लोर्नाच्या रोलची जागा भरायला. त्यानं त्या ताटलीत काढून ठेवल्या, घरच्या दिसाव्यात म्हणून थोड्या तोडल्यासुद्धा. मग माझ्याकडे वळला आणि माझं एक टोक धरून ओढू लागला.

मित्रांनो, तो आवाज मी विसरणार नाही. बोल्ट निसटले, एक पाय निखळला आणि माझ्या मधल्या पट्ट्यांत चीर गेली. मी एका बाजूला कोसळलो. रूडी तिथंच जमिनीवर बसला.

केस कुरळे करायचे रोलर डोक्याला लावलेली टेसा आत आली. तिनं मला बघितलं, मग ताटलीतली एक कुकी उचलून वास घेतला.

"बाबा, ही दुकानातली आहे."

तो माझा निखळलेला पाय उचलून बघू लागला.

"लोर्नाकाकू येत नाहीये?"

"नाही."

"येत नाहीये, की तू बोलावलंच नाहीस?"

रूडीनं तोंड हातांनी झाकलं. टेसाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती ओरडली नाही. सरळ फोनपाशी गेली.

"काका, टेसा बोलतेय. टेबलाचा पाय निघालाय. येता का?"

एवढंच. लग्नाचं नाव नाही. ते दहा-पंधरा मिनिटं माझ्यासाठी फार वाईट गेली. येईल का? आला तर काय बोलेल? हा काय बोलेल?

गस कामाच्या कपड्यांत आला. हातात हत्यारांची पेटी, लांब बोल्ट आणि एक लोखंडी पट्टी. रूडीकडे त्यानं बघितलंही नाही. माझ्याखाली पाठीवर झोपला आणि म्हणाला, "वर धर."

रूडीनं मला खांद्यावर घेतलं. माझा सगळा भार त्याच्यावर, आणि खाली गसची छाती.  माझा जीव तर नुसता टांगणीला लागला होता.

"सोडू नकोस," गस खालून म्हणाला.

"मी नाही सोडलं. तू सोडलंस."

"मी कुठं गेलो रे? त्याच घरात राहतो. तीच गळकी पन्हळ."

पान्याचा कुरकुर आवाज येत राहिला. मग रूडी हळूच म्हणाला, "तो 'विकला गेलास' शब्द मी बोलायला नको होता."

"नकोच होता बोलायला."

"फार लागलं का?"

"बायकोलासुद्धा नाही सांगितला मी तो शब्द."

रूडीचा एक अश्रू माझ्यावर पडला. खरंच पडला, बाणांच्या अगदी शेजारी.

"मत मात्र चुकीचं देतोयस तू," तो नाक ओढत म्हणाला.

"तूही. आता नीट धर, नाहीतर मत द्यायला मी उरणार नाही."

पाय बसला, चिरेवर पट्टी आली. गस कपडे झटकत उठला आणि टेसाला म्हणाला, "पोरी, गाडीत डबे आहेत, घेऊन ये. लोर्नानं बुधवारीच रोल केलेत. म्हणाली, तो बोलावो न बोलावो, टेसाच्या टेबलावर माझे रोल नसले तर गावात तोंड कसं दाखवू? बहिणीच्या हातानं गुपचूप पाठवणार होती, ते मीच आणले."

टेसा त्याच्या तेलकट शर्टालाच बिलगली. ती म्हणाली, "डबे नकोत नुसते. काकूला घेऊन या. दोघं पुढच्या रांगेत बसायचं."

मग रूडी आपल्या टोकाशी गेला, गस आपल्या. "हं," रूडी म्हणाला. किती दिवसांनी मी जमिनीवरून उठलो. दुकानातल्या कुकी त्या दोघांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाऊन संपवल्या.

"वाईट नाहीत," गस म्हणाला.

"तोंड बंद ठेव," रूडी म्हणाला.

लग्नानंतरच्या मंगळवारी याच हॉलमध्ये मतदान झालं. गस रूडीला आपल्या गाडीतून घेऊन आला. दोघांनी एकमेकांच्या विरुद्ध मत दिलं आणि माझ्यापाशी कॉफी पीत भांडले. ते भांडण मिटलेलं नाही, मिटेलसंही वाटत नाही. हॉलला गिऱ्हाईक आलंय म्हणतात. मला कुठं नेतील, कोण नेईल, ठाऊक नाही. माझी चीरही तशीच आहे. पट्टीनं नुसती धरून ठेवली आहे.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. मला कुठंही न्या, पण एकट्यानं ओढू नका. माझ्या दोन टोकांना दोन माणसं लागतात. ती एकमेकांवर रागावलेली असली तरी चालतील. फक्त एकदम उचला.