तळ्यावरचे पाहुणे

सत्यशीलाने जाळी पाण्याबाहेर ओढली, तिच्या टोकाशी साठलेलं पाणी बरणीत ओतलं आणि बरणी उन्हात धरली. पाणी हिरवट होतं आणि त्यात काहीच हलताना दिसत नव्हतं.

तिने पुन्हा जाळी फिरवली. पुन्हा तेच. एरवी या तळ्याच्या बरणीत नुसती जत्रा भरायची. तिळाएवढ्या पाणपिसवा, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या, सारख्या वरखाली उड्या मारणाऱ्या. आज भिंग लावलं तेव्हा कुठे धुळीच्या कणांसारखे काही जीव हलताना दिसले. मोठं म्हणून एकही नाही.

मोठे तेवढे वेचून संपतात तेव्हा त्याला कारण एकच असतं. माशाला जे दिसतं ते तो आधी खातो. आणि ते कारण काठाच्या सावलीत थव्याने शेपट्या हलवत होतं.

हिंजवडीच्या पलीकडची ही जुनी दगडखाण. ना ओढ्याशी संबंध, ना नदीशी, त्यामुळे इथे मासा कधी आलाच नव्हता. म्हणून तर तिने ती निवडली होती. एक तळं मासे असलेलं, एक नसलेलं, आणि दोन्हींतल्या या बारीक जीवांचं काय होतं ते पाहायचं. कर्वेनगरच्या कॉलेजात शिकवत, मुलींची शिक्षणं, सासऱ्यांचं आजारपण असं सगळं निस्तरून पन्नाशीच्या तोंडावर घेतलेली पीएच.डी. शेवटचं वर्ष होतं. दिवाळी आणि पेपर तपासणीच्या रगाड्यात दोन महिने येणं झालं नाही, तेवढ्यात हे.

"संपत, यात मासे कोणी सोडले?"

खाणीचा मालक संपत मोटरसायकल लावून तिच्याकडेच येत होता. त्याची शेतं कंपन्यांच्या काचेच्या इमारतींखाली गेली होती. खड्ड्यात इमारत उभी राहत नाही म्हणून खाण तेवढी उरली होती. तो थोडा वेळ चपलेने खडा ढकलत राहिला.

"आईनं सोडायला लावले, मॅडम. कसबा पेठेतनं पिशवीत घालून आणले मी."

"अहो, पण का?"

"तुमीच सांगितलं हुतं म्हणे."

संपतची आई आनंदीबाई घराच्या पायरीवर बसली होती. घर काठालाच होतं, तिला सगळं ऐकू गेलं.

"इसरलीस व्हय गं? तुज्या बरणीत बघून म्या इचारलं, ह्ये कशाला आसतंय? तू म्हणलीस, माशांचं खाणं, आजी."

म्हणाली होती खरी. स्कूटरला किक मारता मारता. हे जीव शेवाळ खातात, म्हणून पाणी नितळ राहतं, हे सगळं समजावायचं तर वेळ गेला असता. घाई होती, एका वाक्यात उरकलं. शिकवणं हाच पेशा असून उरकलं, याचा तिला आता मनापासून पस्तावा झाला.

"तवापास्नं जिवाला चैन न्हाई," आनंदीबाई सांगत होती. "येवढं अन्न वाढून ठिवलंय आन् जेवणारं कुणी न्हाई. आमच्या घरावानीच की. आदी हितं गड्यांच्या पंगती उठायच्या. आता रान न्हाई, गडी न्हाई. नातू कंपनीच्या बशीनं जातोय, तिकडंच जेवतोय. म्या भाकरी थापायची कुणासाठी?"

संपतने सत्यशीलाला जरा बाजूला घेतलं.

"मॅडम, उद्या भोयांना सांगून जाळं लावतो. एक मासा ठेवत नाही. मग तुमचं परत हुईल का?"

झालं असतं. मोठ्या पिसवांची अंडी तळच्या गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. मासे गेले की त्यांतून पुन्हा पिल्लं निघतात. 'लावा' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता.

"आन् गं पोरी," पायरीवरून म्हातारीने विचारलं, "जेवत्यात ना माजे पाव्हणे? चार-दोन सोडले हुते, आता बघ केवढा गोतावळा झालाय."

सत्यशीलाने हातातली बरणी पुन्हा उन्हात धरली.

"जेवतात, आजी. काही शिल्लक ठेवलं नाही."

"ठिवूच न्हाई अन्नाचं." म्हातारीचा चेहरा खुलला.

सत्यशीलाने संपतकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. बरणी तळ्यात रिकामी केली, ओली जाळी पिळली आणि तिची नीट घडी घातली. काठाजवळ मासे अजून तसेच घोटाळत होते.

"भाकरी टाकते दोन," आनंदीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "का निगालीस? तुला म्येली सदा घाई."

सत्यशीलाने आपला डबा पिशवीत खाली सरकवला आणि ती पायरीवर बसली.

"नाही आजी," ती म्हणाली. "आता कसली घाई."