उभ्या गाडीचा धूर

“धूर निळा होता की पांढरा?” मिस्त्रीनं हात पुसत विचारलं.

“निळा,” ती म्हणाली. “पण दर वेळी नाही येत.”

“मी आठवडाभर चालवली, मला एकदाही दिसला नाही,” दीर मध्येच बोलला. “शेजारी मात्र रोज ओरडतात. टर्बोची गाडी, तीही जुनी. मी म्हणतो, विकून मोकळं व्हावं. वहिनींना दुकान ते घर एवढंच तर जायचं असतं. बस आहे की.”

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिची सोळा वर्षं गेली होती. घरी नवरा. कारखान्यात पडून मणका गेला, तेव्हापासून चार वर्षं अंथरुणाला खिळलेला. ही सेकंडहँड गाडी त्यानंच हौसेनं घेतली होती. आता गाडीचं सगळं दीरच बघायचा. माणूस भला, दर रविवारी यायचा, औषधं आणायचा. म्हणूनच त्याचा शब्द मोडणं तिला जड जायचं.

मिस्त्रीनं घाई केली नाही. थंड इंजिन चालू करून तो मागे उकिडवा बसला. धूर नाही. मग दोघांना मागे बसवून चढावर गाडी दामटली. तरी नाही.

“पिस्टनच्या रिंगा ठीक दिसतात,” तो पुटपुटला. परत आल्यावर त्यानं इंजिन नुसतं चालू ठेवलं आणि दुसऱ्या गाडीचं चाक काढायला घेतलं.

दीर सारखा घड्याळाकडे बघत होता. ती मात्र त्या घरघरीकडे कान लावून उभी होती. उभ्या गाडीचा तो आवाज तिच्या फार ओळखीचा होता.

अर्ध्या तासानं मिस्त्री आत बसला आणि त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. निळा लोट गॅरेजभर पसरला.

“सापडलं,” तो उतरत म्हणाला. “टर्बोचं सील गळतंय. गाडी पळत असली की कळत नाही. एका जागी चालू ठेवली की तेल झिरपत राहतं आणि निघताना जळतं. रोज कुठं उभी असते, ताई? बराच वेळ?”

“कुठंच नाही. दुकानातून सरळ घरी.”

“सिग्नलवर एवढं नाही होत. वीस मिनिटं, अर्धा तास...” मिस्त्रीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. मग दिराकडे वळून म्हणाला, “असेल हो. आजकाल रहदारीच तशी असते.”

त्यानं वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. पण मग दीर म्हणाला असता, एवढ्या रहदारीत गाडी हवीच कशाला?

“रहदारी नाही,” ती म्हणाली. “मी बसते. शाळेच्या भिंतीपाशी, आपल्या वळणाच्या अलीकडे. काचा वर करून, एसी लावून.”

“काय करता तिथं?”

“काही नाही. बसते.”

“रोज?”

“रविवार सोडून. रविवारी तुम्ही असता.”

दीर जमिनीवरच्या तेलाच्या डागांकडे बघू लागला. “दादाला माहीत आहे?”

“दुकान सातला बंद होतं असं त्यांना वाटतं.”

“आणि होतं कधी?”

“सहाला.”

मिस्त्री उगाचच पाने आवरू लागला होता. “सील बदलून टाका,” दीर त्याला म्हणाला. “किती दिवस लागतील?”

“चार. आणि ताई, यापुढं बसलात तर इंजिन बंद ठेवा. काचा खाली घ्या, वारा येतो.”

दुसऱ्या दिवशी ती बसनं आली. बस थेट घरासमोर थांबली. दोन जिने चढून तिनं कुलूप काढलं, तेव्हा साडेसहाही झाले नव्हते.

नवऱ्यानं मान वळवली. “अगं, आज लवकर?”

“गाडी नाही ना. बस पटकन मिळाली.”

त्याचा चेहरा उजळला. पलंगाशेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. हात नीट पुरत नव्हता, तरी तो एकेक अंक ओढून आपल्या अंगावर घेऊ लागला. ती मदतीला वाकली तसं त्यानं तिला थांबवलं. शेवटचा अंक निघायला वेळ लागला.

“बस,” तो धापा टाकत म्हणाला.

खांद्यावरची पर्स न काढताच ती बसली.