गोट्याच्या वतीने

जनावरांच्या डॉक्टरांनी आमच्या तट्टाचा, गोट्याचा पुढचा खूर खाली सोडला, हात पुसले आणि एक मुसके माझ्या हातात दिले. जाड पट्ट्यांची विणलेली लहानशी बादली असावी तसे ते होते. तळाला रबराची चकती आणि चकतीत अंगठ्याएवढे भोक. त्या भोकातून वर येईल तेवढेच गवत तोंडात जाते.

कोवळे, गोड गवत फार झाले की तट्टाच्या खुराच्या आतला मऊ भाग सुजतो, खूर तापतो. खूर म्हणजे कठीण डबी, सुजेला पसरायला जागा नसते. गोट्याचे हे दुखणे एकदा होऊन गेले होते. पुन्हा झाले तर तो उभा राहील याची खात्री देत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मुसके घालून कुरणात सोडायचे, नाही तर कायमचे तबेल्यात बांधून सुके गवत घालायचे. तबेल्यात बांधून मी पाहिले होते. तो दाराची वरची कड कुरतडत राहायचा आणि कुरणातली शेजारच्या सुताराची म्हातारी घोडी दिसली नाही की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. तेव्हा मुसकेच. आणि तेही कुरण हिरवे होण्याच्या आत.

गोट्या माझ्या नवऱ्याचा. तो गेल्यापासून या घरात खाली मी आणि वर त्याची थोरली बहीण, अशा दोघीच आहोत. आमचे भांडण नाही. भांडायलाही काहीतरी विषय लागतो. आमच्या मधे बसून दोघींशी बोलणारा माणूस गेला, एवढेच. संध्याकाळचा चहा तो वर खिडकीशी बसून बहिणीबरोबर घ्यायचा, मलाही हाक मारायचा. आता त्या वर चहा घेतात, मी खाली घेते. कप ठेवल्याचा आवाज मला ऐकू येतो.

वन्संनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो आता खिडकीतून तबेल्यापर्यंत येतो. त्या बोलतात ते गोट्याशी. लेकी बोले सुने लागे, तसे.

"काय रे गोट्या, तोंड दाबून बुक्क्यांचा मार का? भोग बाबा. शिकलेल्या माणसांच्या हाती पडलास."

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची सवय आहे. आधी मुसके नुसतेच गव्हाणीजवळ टांगले. त्याने हुंगले, मग दुर्लक्ष केले. मग आत गाजराचा तुकडा टाकून ते वाडग्यासारखे समोर धरू लागले. तोंड त्याने आपणहून घालायचे, मी पुढे ढकलायचे नाही, असा नियम. पुढे मानेवरचा पट्टा लावला आणि लगेच सोडला. गालाला घासत होते तिथे जुन्या स्वेटरची बाही शिवली. शेवटी भोकातून गवताच्या काड्या खालून वर सरकवल्या, तेव्हा त्याने त्या ओठांनी अलगद ओढून घेतल्या. तबेल्यात सगळे जमले होते.

कुरणात मात्र तो मुसके घालून खांबासारखा उभा राहिला. गवत योग्य उंचीचे होते, फार लांब नाही की भोकाखाली दुमडावे, फार आखूड नाही की वरच येऊ नये. मी वाकून एक काडी भोकातून दिली, ती त्याने खाल्ली. म्हणजे खाता येत होते. मी बाजूला झाले की तो पुन्हा मान खाली घालून उभा. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी त्याने मुसके कुंपणावर घासून बाही फाडली. डॉक्टर फोनवर म्हणाले, वेळ लागतो. पण घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, ते मला कळत नव्हते. असाच उपाशी राहिला तर पुन्हा तबेला होताच.

त्याच आठवड्यात कामावरून आले, तर मुसके कुंपणाच्या खांबाला टांगलेले आणि गोट्या मोकळ्या तोंडाने कुरणात. मी धावत जाऊन त्याच्या खुरावर तळवा ठेवला. खूर कोमट होता. फार नाही, पण सकाळी तेवढाही नव्हता. त्याला तबेल्यात बांधून मी जिना चढून वर गेले. कितीतरी महिन्यांनी.

वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. शेजारी माझ्या नवऱ्याची खुर्ची, तिच्यावर इस्त्रीचे कपडे.

"मीच काढलं," मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "उपाशी मरत होता. दिवसभर मला इथून दिसतं, तुला नाही."

खूर गरम झालाय, एवढेच मी सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. हिशोब चुकलेल्या मुलासारख्या त्या म्हणाल्या, "पण गवताला त्यानं आधी तोंडही लावलं नाही गं. धावत म्हाताऱ्या घोडीकडे गेला."

"आणि?"

"आणि काय. ती याची मान खाजवते, हा तिची. दातांनी. मग दोघं चरायला लागले."

मुसके असताना काय होते, ते मी विचारले. म्हातारी येते, म्हणाल्या, याच्या मानेवर दात फिरवते, थांबते, वाट बघते. हा नुसतं रबर घासतो तिच्या पाठीवर. मग ती लांब जाते. मग हा असा उभा.

आम्ही दोघी खिडकीतून रिकाम्या कुरणाकडे पाहत होतो. गवताचा प्रश्नच नव्हता.

खूर गार झाल्यावर मी गोट्याला पुन्हा मुसके घालून सोडले आणि खरारा घेऊन मागोमाग गेले. म्हातारी आली, त्याच्या मानेच्या मुळाशी दात फिरवू लागली. ती थांबली तेव्हा मी तिच्या मानेला खरारा लावला, तिथेच, तेवढ्याच जोराने. गोट्याच्या वतीने. तिने एकदा माझ्याकडे वळून पाहिले. मग डोळे अर्धे मिटले आणि पुन्हा त्याची मान खाजवू लागली. पुरेसे झाल्यावर ती तिथेच चरू लागली. गोट्याने मान खाली घातली, मुसके गवतावर टेकवले, जरा हलवले. आतून चावण्याचा आवाज आला.

पण मला कामावर जायचे होते आणि म्हातारीचे दिवसातून एकदा भागण्यासारखे नव्हते.

संध्याकाळी परत आले तर कुरणात वन्सं, पायांत माझ्या नवऱ्याचे गमबूट, हातात त्यांचा स्वतःचा केसांचा ब्रश. म्हातारीच्या मानेला तो फिरवत होत्या. गोट्या शेजारी चरत होता. मी कुंपणाशी थांबले. त्यांनी मला पाहिले, पण बोलल्या घोडीशी.

"म्हातारे, हिला म्हणावं, खुर्चीवरचे कपडे मी काढून ठेवलेत."

मी गोट्याचा खूर हातात घेतला. गार होता.

"म्हातारे," मी म्हणाले, "त्यांना सांग, हात धुऊन वर येते."