उताणा पोहणारा

सारंगखेड्याचा उदेसिंग मॅट्रिकच्या आधीच्या चाचणीत नापास झाला, आणि झाला तो पोहण्याच्या प्रश्नात. ज्या पोराने रांगता रांगता तापीत हातपाय मारायला सुरुवात केली, त्याने पोहण्यात नापास व्हावं, आता बोला! हसावं की रडावं तेच गावाला कळेना.

गोष्ट सन अडतीसची. उदेसिंग नंदुरबारला खोली घेऊन शिकत होता. बाप रायसिंग घोड्यांचा व्यापारी. दात बघून घोड्याचं वय सांगणाऱ्या त्या माणसाला पोराच्या अभ्यासातलं ओ की ठो कळत नसे, पण बोलणं रोखठोक. "तुले तारबाबू व्हनं शे ना? मंग यंदा मॅट्रिक व्हय. नही व्हयना तर ये आनि लगाम धर." उदेसिंगला घोड्यांचा काही राग नव्हता. पण दोंडाईच्याच्या स्टेशनात तारेचं यंत्र कडकट्ट बोलताना ऐकलं, तेव्हापासून त्याचा जीव तिथेच गुंतला होता. मॅट्रिकशिवाय त्या खुर्चीत कोण बसू देणार?

विद्युतभाराची गणितं त्याला चणेफुटाणे. सजातीय भार एकमेकांना ढकलतात, विजातीय ओढतात, हे घोडेबाजारात वाढलेल्या पोराला शिकवावं लागतं होय? दोन नर शेजारी बांधले की काय तमाशा होतो, तो त्याने पाळण्यातून पाहिलेला. अंतर दुप्पट केलं की जोर चौथाई होतो, हेही त्याला लगेच पटलं. माशी शिंकली ती चुंबकसुईपाशी.

तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसुई वळते. कोणत्या बाजूला, ते सांगणारा नियम पुस्तकात असा होता: तारेतून प्रवाहाबरोबर एक माणूस पोहतोय आणि त्याचं तोंड सुईकडे आहे, असं समजा. सुईचं उत्तर टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळेल. सोपं की नाही? वर्गातल्या, विहिरीचंही पाणी न बघितलेल्या पोरांना जमलं. नदीकाठच्या उदेसिंगला नाही जमलं.

पदार्थविज्ञान शिकवायला नेमीचंद सर होते. किराणा दुकानदाराचा मुलगा, तराजू टाकून खडू हातात धरला, म्हणून घरचे त्यांना वाया गेलेले समजत. सरांनी उदेसिंगचा पेपर पुन्हा पुन्हा पाहिला. सुई तारेच्या खाली असली की उत्तर बिनचूक. सुई तारेच्या वर असली की नेमकं उलट, आणि दर वेळी उलट. "धांदरट पोरगा इतक्या शिस्तीत चुकत नाही, साहेब," त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "ठीक आहे. यात्रेची सुट्टी संपली की सोमवारी माझ्यासमोर तोंडी विचारा. आलं तर नाव मॅट्रिकला पाठवू, नाही तर नाही."

दत्ताची यात्रा भरली. सारंगखेड्यात माणसांपेक्षा घोडे जास्त झाले. नेमीचंद सर स्वतः आले, पण घोडे बघायला नव्हे. उदेसिंगला घेऊन ते थेट नदीवर गेले. तिथे उदेसिंगची आजी तापीबाई धुणं वाळत घालून ऊन खात बसली होती.

"सुई तारेच्या वर आहे. पोहणाऱ्याचं तोंड कुठे?" सरांनी विचारलं.

"वर, सर."

"मग तो पोहणार कसा?"

"मान वळवून."

"नुसती मान नाही रे. सगळं अंग. उताणा होऊन."

उदेसिंग खाली बघू लागला. "आमच्यात उताणं पोहत नाहीत, सर."

तापीबाईने लुगड्याचा पदर सावरला. "उताना मुडदा ऱ्हास, मास्तर. तिरडीवर. जित्ता मानूस तापीमायना पानीमा पालथाच पोहस. मी त्याले मन्ही आण घाली ठेवेल शे."

घ्या! वर्षभर डोकं खाजवून सापडलं नाही ते आजीच्या एका वाक्यात निघालं. पुस्तकातला माणूससुद्धा उदेसिंगने आजीच्या आणेत बांधून टाकला होता. तो बिचारा काही केल्या पालथाच पोहत होता.

सरांना स्वतःला पोहता येत नव्हतं. गुडघ्यापलीकडच्या पाण्याला ते लहानपणापासून भीत. पण हे ऐकल्यावर त्यांनी टोपी काढली, कोटाची बटणं लावली आणि वाळूत सरळ उताणे पडले. डोकं मावळतीकडे, जिकडे तापी वाहते तिकडे.

यात्रेचे दिवस. काठावर कोटातला माणूस आडवा म्हटल्यावर गर्दी जमायला काय वेळ? "कोन गया?" "मास्तर गया वाटस." "कोना मास्तर?" एका बाईने ओळख ना पाळख, गळाही काढला. रायसिंग घोडा सोडून धावत आला आणि सरांच्या जबड्याखाली हात घालून नाडी बघू लागला, घोड्याची बघतात तशी.

"डावा हात बघ," प्रेत म्हणालं.

गर्दी जी पांगली ती थेट जत्रेच्या पाळण्यापर्यंत.

"मी पालथा असतो तर माझा डावा हात कुठे असता?"

"पलीकडच्या काठाकडे, सर."

"आणि आता?"

सरांचा हात तापीबाईच्या पायाशी वाळूत पडला होता. "आजीकडे," उदेसिंग म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. वर्षभर तो स्वतःला मठ्ठ समजत होता हो. रात्रंदिवस घोकूनही उत्तर चुकायचं, तेव्हा आपल्या कवटीत भुसा आहे असंच त्याला वाटायचं. पण लगेच त्याचा चेहरा पडला. "कळलं, सर. पण मला तसं होता येणार नाही. मनातसुद्धा नाही. आजीची आण आहे."

सर वाळूतच उठून बसले. आता यावर कुठला नियम सांगायचा? तापीबाईने त्यांच्या कोटाला चिकटलेली वाळू बघितली, नातवाचं तोंड बघितलं.

"मास्तर, कागदवर पोहाले पानी लागस का?"

"नाही, आजी."

"मंग कागदवर व्हवू द्या उताना. तेवढी आण मी मोकळी करस." तिने नातवाकडे बोट रोखलं. "पन तापीमा नही."

सोमवारी हेडमास्तरांसमोर सरांनी फळ्यावर तार काढली. दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रवाह, सुई वरती. उदेसिंगने विचारलं, "आडवा होऊ का, सर?" आणि परवानगीची वाट न बघता तो उत्तरेकडे डोकं करून बाकावर उताणा झाला. वर कौलं दिसत होती. त्याने डावा हात लांब केला, तो हेडमास्तरांच्या पोटाला लागला.

"पूर्वेला, सर."

"हा काय प्रकार?" हेडमास्तर मागे सरले.

"पोहतोय, साहेब," नेमीचंद सर म्हणाले. "आणि बरोबर पोहतोय."

नाव मॅट्रिकला गेलं. उदेसिंग त्याच दिवशी गावाकडे निघाला. घरी पोचला तर दारात तापीबाई आडवी उभी. बाप आतून विचारत होता, पण ती आत सोडेल तर ना.

"धाडं का नाव?"

"धाडं, आजी."

तिने त्याची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग म्हणाली, "उताना व्हयना व्हता ना? मंग तसाच घरमा कसा येस? पहिले तापीमा आंग धुई ये."

थंडीने दात वाजत असताना उदेसिंगने पाण्यात उडी टाकली. प्रवाहाबरोबर, पालथा. मध्यावर पोचल्यावर त्याला वाटलं, एकदा, एकदाच उताणं व्हावं आणि आभाळ बघावं. त्याने काठाकडे पाहिलं. मागोमाग आलेली आजी कमरेवर हात ठेवून उभीच होती. तो मुकाट्याने पालथा पोहत राहिला, आणि पाण्यात तोंड असतानाच त्याला असं हसू आलं की नाकात पाणी गेलं.