माझ्या डोक्यावरची काळी जाळी

हसू नका मित्रांनो! डोक्यावर काळी जाळी ताणून या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली जुनी जीप म्हणजे मीच. एके काळी डोक्यावर काही म्हणून घेणार नाही, असा माझा बाणा होता. मला छप्पर नव्हतं, दारं नव्हती. होता तो लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पुढे एक काच आणि दणकट चाकं. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे माझ्या शेजारी बंद गाड्यांची रांग असायची. गुळगुळीत, काचा लावलेल्या आणि गप्प. यांना वारा काय कळणार, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. रूप बेतास बात होतं, पण तोरा काही कमी नव्हता माझा!

मला घेतलं ते पंप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. टेकड्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचे पंप बिघडले की त्याला बोलावणं यायचं. तिथला रस्ता म्हणजे नुसते दगड आणि चर. बंद गाड्या पायथ्याशीच हात टेकायच्या. मी मात्र पाने, नळ्या, वंगणाचे डबे घेऊन खडखडत वर पोचायचे. टाकीवरची माणसं म्हणायची, "हिच्यासारखी हीच!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लोखंडावर मांस कसं चढतं, ते मात्र विचारू नका.

सुट्टीच्या दिवशी त्याची मुलगी सोबत यायची. तिचा पाय एका जागी म्हणून ठरत नसे, त्यामुळे घरात तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. पण माझ्या मागच्या सीटवर पट्टा बांधून बसली की ती मान मागे टाकायची आणि वर बघत राहायची. "बाबा, घार! बाबा, तो ढग बघा ना, त्याने बूट घातलेत!" बाबा म्हणायचे, "अगं, मी रस्ता बघू की ढग?" तरी चोरून वर बघायचेच. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

मग भिंगरी आजारी पडली. ताप हटेना, सांधे दुखायला लागले. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. दुखण्याचं नाव मला माहीत नाही. गाडीत जे बोललं जातं तेवढंच गाडीला कळतं. एकदा परत येताना आई म्हणाली, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? हिला ऊन अजिबात चालायचं नाही. ऊन लागलं की दुखणं उलटणार." आईने आपली ओढणी भिंगरीच्या डोक्यावर दोन्ही हातांनी ताणून धरली होती. घर येईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.

घराच्या खिडक्यांना जाड पडदे लागले. आई घरीच शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या मशीनशेजारी भिंगरी बसून राहायची. शाळेतसुद्धा शेजाऱ्यांच्या बंद गाडीतून जायची. सुट्टी आली की मी अंगणात आणि ती पडद्याआड. एकदा पडदा बोटभर सरकला आणि एक डोळा दिसला. लगेच आतून आवाज आला, "भिंगरे, पडदा!" डोळा गेला. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्याच उघड्या डोक्याचा राग आला.

शेवटी मला विकायचं ठरलं. "बंद गाडी घेऊ. निदान पोर घराबाहेर तरी पडेल," आई म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? खडीच्या खाणीचा एक ठेकेदार मला बघायला आला. मेल्याने लाथ मारून टायर तपासला! पण हे कळल्यावर भिंगरीने ताट बाजूला सारलं. "बंद गाडीत आभाळ कुठे असतं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बाबा पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. डोक्यावर चांगली सावली, अंगभर कपडे, टोपी, मलम, आणि दुपार टाळायची. एवढं सांभाळलं तर थोडा वेळ न्यायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी ठेकेदाराला सांगितलं, "येत्या रविवारपर्यंत थांबा." म्हणजे रविवारच्या आत माझ्या डोक्यावर सावली आली नाही, तर मी खाणीत आणि भिंगरी पडद्याआड.

घाईघाईत बाबांनी ताडपत्री बांधली. ऊन आत येईना हे खरं, पण वाराही येईना. भिंगरी घामाघूम होऊन दुसऱ्या वळणावरच म्हणाली, "बाबा, ही तर चाकं लावलेली पेटी झाली." मग त्यांनी रोपवाटिकेतून हिरवी जाळी आणली. तिची भोकं एवढी मोठी, की भिंगरीच्या बाह्यांवर उन्हाचे ठिपके नाचायला लागले. शिवाय खाली बसलेल्या सगळ्यांचे चेहरे हिरवट! शेजारच्या काकूंनी बाबांना काळजीने विचारलं, "काय हो, तुम्हालाही बरं नाही का?"

ऊन कललं तेव्हा बाबा सगळ्यांना घेऊन गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. आईने भिंगरीला पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळून आणलं होतं. मला दारासमोर लावलं. दुकानदाराने माझ्या बॉनेटवर दोन जाळ्या पसरल्या. एक पांढरी, एक काळी. वीण दोन्हींची सारखीच बारीक.

"पांढरीच द्या," बाबा म्हणाले. "काळं तापतं. हे शाळेतलं पोरही सांगेल."

"आणि काळं कशाला मेलं डोक्यावर? पोर आधीच हिरमुसलेली," आईनेही दुजोरा दिला.

दुकानदार म्हणाला, "लोक दोन्ही नेतात. ज्याची त्याची आवड." आणि त्याने कात्री उचलली.

जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तीच म्हणाली, "मला बघू द्या ना."

"अगं, बघते आहेस की!"

"तशी नाही. खालून."

ती येऊन माझ्या मागच्या सीटवर बसली आणि तिने मान मागे टाकली. कितीतरी दिवसांनी! बाबांनी आणि दुकानदाराने पांढरी जाळी तिच्यावर ताणून धरली. ती डोळे बारीक करून म्हणाली, "नुसतं लखलखतंय. पलीकडे काहीच नाही." मग त्यांनी काळी धरली. भिंगरी एकदम गप्प झाली.

आई घाबरली. "काय गं? काय होतंय?"

"आई, तारेवर पाखरू बसलंय. शेपूट हलवतंय."

आईला खरं वाटेना. ती माझ्यात चढली, लेकीच्या गालाला गाल लावून बसली आणि तिने वर बघितलं. बाहेरून काळीकुट्ट दिसणारी ती जाळी खालून जवळजवळ दिसतच नव्हती. "अगंबाई!" आई म्हणाली. दुकानदाराने पांढरी जाळी गुंडाळून ठेवली.

जाळी घरीच शिवायची ठरली. घरात एवढी शिवणारी असताना बाहेर कशाला? आईने टेप घेऊन माझं माप घेतलं. मला गुदगुल्या झाल्या, पण हलले नाही. कडा दुमडून, पट्टी लावून, हुक बसवून शनिवारी जाळी तयार झाली. आणि रस्त्याला लागताच जी फडफडायला लागली, काही विचारू नका! बाबांना इंजिनाचा आवाज ऐकू येईना. एका वळणावर जाळीची कड उडाली आणि उन्हाचा पट्टा सरळ भिंगरीच्या मानेवर आला. आई किंचाळली. बाबांनी मला तिथूनच मागे वळवलं.

घरी आल्यावर आई माझ्या पायरीवर मटकन बसली. "माझ्या हातचं शिवण कधी बिघडलं नाही हो. नेमकं पोरीच्या वेळीच बिघडावं? उद्या तो माणूस आला की देऊन टाका ही गाडी." तिचे डोळे भरून आले.

भिंगरी सावलीत उभी राहून जाळीची लोंबणारी कड चाचपत होती. ती हळूच म्हणाली, "आई, तू ही गणवेशासारखी शिवलीयेस. पुढच्या वर्षीही बसावी म्हणून."

आई तिच्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर तिने वाढत्या अंगाच्या मुलांचे कपडे शिवले होते. हात आपोआप थोडं सैल कापायचा, थोडी जागा ठेवायचा. मला मात्र माझ्या मापापेक्षा लहान जाळी हवी होती, ताणून बसवायला. "अहो, ऐकलंत का? ही जीप काय पुढच्या वर्षी उंच होणार आहे!" असं म्हणून आई हसायला लागली. डोळे पुसत होती आणि हसत होती. भिंगरी आजारी पडल्यापासून तिचं हसणं मी ऐकलंच नव्हतं.

तिने तिथल्या तिथे शिवण उसवली आणि चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जाळी कमी केली. हुक ओढून बसवताना बाबांचा चेहरा लाल झाला. पण बसली! टिचकी मारली की ढोलासारखी वाजायची.

रविवारी सकाळी लवकरच आम्ही टाकीच्या रस्त्याला लागलो. जाळी जराही हलली नाही. मागून आवाज आला, "बाबा, घार!" बाबांनी मला बाजूला उभं केलं आणि रुमाल काढला. "डोळ्यात धूळ गेली," म्हणाले. समोर एवढी मोठी काच असताना धूळ कुठून गेली, कोण जाणे.

ठेकेदार आला तेव्हा बाबांनी सांगितलं, "विकायची नाही." जाताना त्याने पुन्हा माझ्या टायरला लाथ घातली. घालू दे!

आता वर्षं लोटली मित्रांनो. माझा रंग उडालाय, चढावर धाप लागते. एकदा तर एक अख्खा पावसाळा मी अंगणात तशीच भिजत पडले होते, कारण बाबांचे गुडघे धरले होते आणि माझ्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. तेव्हा ही शेड भिंगरीनेच उभारली. ती आता मोठी झालीय, तब्येत सांभाळून मलाही चालवते. जाळी दोनदा बदलली. दर वेळी ती धुऊन, पूर्ण वाळवून मगच घडी घालते, नाहीतर शिवण कुजते. तुम्हीही वस्तूंची एवढी काळजी घ्या, माझं तेवढंच मागणं आहे.

नाही, आणखी एक आहे. गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तिला ऊन सोसत नव्हतं. घरात पुन्हा जाड पडदे लागले आणि बिचारी आत बसून राहिली. बरी झाल्यावर एका सकाळी भिंगरी तिला हाताला धरून घेऊन आली आणि स्वतःच्या जुन्या जागेवर, माझ्या मागच्या सीटवर बसवलं. आईने सवयीने जाळीची कड चाचपली. "सैल नाही ना झाली गं?" तिने विचारलं.

भिंगरीने इंजिन चालू केलं नाही. ती मागे वळली, आईची मान हलकेच मागे टेकवली आणि म्हणाली, "ते राहू दे. आधी सांग, वर काय दिसतंय?"

मित्रांनो, तुम्हीही कोणावर सावली धराल, तेव्हा एवढं नक्की विचारा.