वाणाचा डबा

दिल्लीत तेव्हा कोटींचे घोटाळे गाजत होते. आमच्या भाईंदरच्या वाट्याला आला तो स्टीलच्या डब्यांचा. त्र्याण्णवच्या डिसेंबरात काशीमीऱ्याला हायवेलगतच्या झोपड्या जळाल्या. आमच्या नगरसेवकाच्या मदत समितीने त्या लोकांसाठी डबे आणि छपराचे पत्रे घेतले, आणि सगळा माल वाटेतच गडप झाला.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या गोदूबाईची झोपडी त्यातलीच. नवरा आधीच गेलेला, आता डोक्यावर नुसतं प्लास्टिक. सरकारी चौकशीत चोरी सिद्ध झाली तर सामान नव्याने मिळणार होतं. तिचा सगळा जीव त्या पत्र्यांत अडकलेला.

चोर कोण? हातच्या कांकणाला आरसा कशाला. नगरसेवकाची बायको सुचेता दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकची साबणदाणी वाटायची. यंदा एकदम स्टीलचा डबा. झाकणावर तिचं नाव घातलेलं, आणि बुडाला समितीचा शिक्का होता तिथे कानस मारलेली. सगळ्या बायकांनी डबा उलटा करून पाहिला, नाकं मुरडली आणि घरी नेला. मी माझ्यात तांदूळ भरले आणि गोदूबाईला दिला. म्हटलं, जिचा आहे तिच्याकडे जाऊ दे.

चौकशीसाहेब बिल्डिंगमध्ये आले तेव्हा एकीने खरं सांगितलं असेल तर शपथ. "डबा? छे हो, नुसते तिळगूळ दिले." समोरच्या रसिकाने तर त्याच डब्यातली शंकरपाळी साहेबांना खायला घातली. माझं डोकंच सणकलं. आमचे मिस्टर म्हणत होते, मनोरमा, नसत्या भानगडीत पडू नकोस. ऐकते कशाला. साहेबांना रिक्षात घातलं आणि थेट काशीमीऱ्याला नेलं.

गोदूबाईने डबा पुढे केला.

"बघा, शिक्का घासलाय," मी म्हटलं. "म्हणजे माल मदतीचा. आणि झाकणावर नाव. म्हणजे वाणाचा. मला मिळाला, मी हिला दिला."

"तुमच्या शेजारणी तर डबा नव्हताच म्हणतात." साहेब हसले. "मॅडम, माणसं काहीही बोलतात. आपण परिस्थिती बघायची." मग गोदूबाईकडे वळले. "मावशी, तुमचे मालक?"

"गेले. तीन वर्सं झाली."

"आता तुम्हीच सांगा मॅडम, विधवेच्या घरात वाण कुठून येणार? म्हणजे हा वाणाचा नव्हेच. माल मदतीचा, हे तुम्हीच म्हणालात. सापडला आगग्रस्ताच्या घरात. वर नाव नगरसेवकांच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे वाटपही त्यांच्याच हस्ते झालं."

मी घसा फोडून भांडले. पण मेल्याचं बोलणं इतकं चोख, की क्षणभर मलाच पटलं. जळो ती हुशारी.

अहवाल आला: मदत पोचली. नगरसेवकांचा सत्कार झाला, रसिकाने त्यांना ओवाळलं. पत्र्यांचा विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई कामाला आली आणि भांडी घासत बसली. मला रडूच फुटलं. म्हटलं, "गोदूबाई, मी तुझ्यासाठीच गेले होते गं."

"म्हाईत हाय मला, वहिनी." तिने मान वर केली नाही. "पन पुढच्या टायमाला काय द्यावंसं वाटलं, तर खायचंच द्या. हितंच बसून खाईन. घरी न्यायला नको."